गेटवे कुठे लावायचा? द्राक्षबागेतल्या सेन्सरची बॅटरी वर्षभरात संपू नये म्हणून

ओलाव्याचे सेन्सर बसले, मोबाइलवर आलेख दिसू लागले, आणि पुढच्या हंगामात चार-दोन नोड (सेन्सर, रेडिओ आणि बॅटरी असलेले डबे) गप्प झाले. बॅटरी बदलली की चालू, वर्षभरात पुन्हा बंद. मग बॅटरी डुप्लिकेट निघाली म्हणून दुकानदाराशी भांडण. बऱ्याच ठिकाणी खरं कारण असतं गेटवेची, म्हणजे नोडचे निरोप ऐकून इंटरनेटवर पाठवणाऱ्या यंत्राची, जागा. जिथे वीज आणि वायफाय सोयीचं, तिथे म्हणजे घराच्या गच्चीवर किंवा थेट हॉलच्या खिडकीत गेटवे ठेवला जातो. मग लांबच्या नोडला प्रत्येक निरोप ओरडून सांगावा लागतो आणि त्याची बॅटरी त्या ओरडण्यात जाते.

हा लेख नाशिक भागातल्या द्राक्षबागांसाठी आहे. एका गटाचे प्लॉट गावशिवारात दोन-अडीच किलोमीटरच्या आत विखुरलेले आहेत आणि लोरावॅनवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या, कमी विजेच्या रेडिओवर चालणारे मातीच्या व पानांवरच्या ओलाव्याचे नोड लावायचे आहेत, असं धरून चाललो आहे. डाळिंब, ऊस किंवा कांद्याच्या शिवारातही क्रम हाच, फक्त झाडोऱ्याची उंची बदलते. मेश पद्धतीच्या नेटवर्कचा हिशेब वेगळा असतो, त्यावर पुढे स्वतंत्र भाग आहे.

## आधी ठरवा: 'नेटवर्क टिकलं' म्हणजे काय

आयुष्य सरासरीवर मोजू नका. चोवीस नोडपैकी बावीस पाच वर्षं चालले आणि डाऊनीचा (पानांवरच्या बुरशी रोगाचा) धोका सांगणारे खोलगट प्लॉटमधले दोनच नोड अकरा महिन्यांत बंद पडले, तर तुमच्या दृष्टीने नेटवर्क अकरा महिनेच टिकलं. म्हणून गेटवेची जागा सगळ्यात वाईट अवस्थेतल्या नोडसाठी निवडायची. पुढची सगळी मापं त्यासाठीच आहेत.

यादी करताना प्रत्येक नोडपुढे लिहा: हा बंद पडला तर चालेल की नाही? काही नोड 'असला तर बरा' अशा प्रकारचे असतात. ते निर्णयातून आत्ताच बाहेर काढा. नाहीतर एखाद्या कोपऱ्यातल्या हौशी नोडपायी सगळ्यांची जागा बिघडते.

## टप्पा 1: बॅटरी नेमकी कुठे जाते ते समजून घ्या

लोरामध्ये एसएफ (स्प्रेडिंग फॅक्टर) 7 ते एसएफ 12 अशा पायऱ्या असतात. सिग्नल चांगला असेल तर नोड एसएफ 7 वर झटकन बोलतो. सिग्नल कमजोर झाला की वरची पायरी घ्यावी लागते आणि तोच निरोप सावकाश जातो. 10 बाइट माहितीचा एक निरोप, 125 किलोहर्ट्झच्या चॅनेलवर, हवेत एवढा वेळ घेतो:

- एसएफ 7: 62 मिलिसेकंद
- एसएफ 8: 113
- एसएफ 9: 206
- एसएफ 10: 371
- एसएफ 11: 823
- एसएफ 12: 1483

माहिती तीच, पण वरच्या टोकाला चोवीसपट वेळ. लोराची एसएक्स1276 रेडिओ चिप पूर्ण ताकदीने, म्हणजे 20 डीबीएमवर (डीबीएम हे प्रक्षेपणाच्या ताकदीचं माप) बोलताना सुमारे 120 मिलिअँपिअर ओढते. दर 15 मिनिटांनी एक म्हणजे दिवसाला 96 निरोप धरले, तर नुसत्या बोलण्यावर एसएफ 7 ला रोज 0.2 मिलिअँपिअर-तास जातात, एसएफ 9 ला 0.66 आणि एसएफ 12 ला 4.74.

आता बाकीचा खर्च. समजा सेन्सर प्रत्येक मापाला एक सेकंद 20 मिलिअँपिअर घेतो: दिवसाला 0.53. झोपेतला खर्च 10 मायक्रोअँपिअर: दिवसाला 0.24. एए आकाराच्या लिथियम थायोनिल सेलचे 2400 पैकी 1900 च्या आसपास खरोखर हाती लागतील असं धरा. मग एसएफ 7 चा नोड पाच वर्षांच्या वर जातो, एसएफ 9 चा साडेतीन वर्षांच्या पुढे, एसएफ 10 चा अडीच वर्षांच्या थोडा पुढे, आणि एसएफ 12 चा वर्षही गाठत नाही. ऐकण्याच्या खिडक्यांचा (निरोपानंतर नोड उत्तरासाठी ऐकतो त्या वेळेचा) खर्च यात धरलेला नाही, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे खालीच येतील.

यातून कामाची गोष्ट अशी निघते की एसएफ 8 च्या खाली बोलण्यापेक्षा सेन्सरचाच खर्च जास्त होतो. सगळे नोड एसएफ 7 वर आणायचा अट्टहास करू नका. सगळे आवश्यक नोड एसएफ 9 किंवा त्याखाली एवढं जमलं की जागेचं काम झालं.

तपासा: तुमचा सेन्सर मापाआधी किती वेळ तापतो आणि किती करंट घेतो, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहा. काही प्रोब दहा-दहा सेकंद चालू राहतात. तसं असेल तर गेटवे चंद्रावर नेऊनही बॅटरी वाचणार नाही. आधी फर्मवेअरमधला तो वेळ कमी करा, नाहीतर माप अर्ध्या तासावर न्या.

सावधान: एए आकाराचा थायोनिल सेल मोठा करंट सलग दीड सेकंद द्यायला बनलेला नसतो. एसएफ 12 वर व्होल्टेज खाली बसतं, नोड रीसेट होतो आणि पुन्हा नेटवर्कला जॉइन व्हायला धडपडतो. 'बॅटरीत जीव आहे पण नोड येतोय-जातोय' या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. सेलशेजारी योग्य कपॅसिटर असलेलेच नोड घ्या.

## टप्पा 2: नकाशा आणि जागांची यादी

मोबाइलवर प्रत्येक नोडचे अक्षांश-रेखांश घ्या आणि एक्सेलमध्ये भरा. सोबत तीन रकाने: नोडच्या अँटेनाची जमिनीपासून उंची, प्लॉट मांडवाचा की वाय पद्धतीचा, आणि गेटवेच्या दिशेला मध्ये काय आहे. शेजारचा ऊस हा आपल्याकडचा मोठा अडथळा आहे. लावणीच्या वेळी शिवार मोकळं दिसतं आणि वर्ष सरता सरता तीन मीटरची भिंत उभी राहते.

मग गेटवेसाठी पाच-सहा संभाव्य जागा लिहा. गच्ची, मोटरची खोली, शेततळ्याचा बांध, शिवारातलं टेकाड, पॅकहाऊसचं छप्पर, ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी. नकाशाच्या बरोबर मधोमध असलेली जागाही घ्या, पण ती चांगली असेलच असं धरू नका. सगळे नोड सामावणारं लहानात लहान वर्तुळ काढलं तर त्याचा मध्य जास्त उपयोगाचा, कारण तिथून सर्वांत लांबच्या नोडचं अंतर कमीत कमी होतं. नोडांचा सरासरी मध्य काढला की तो दाट प्लॉटकडे ओढला जातो आणि लांबचे दोन प्लॉट उघडे पडतात.

### अंतरापेक्षा उंचीकडे जास्त लक्ष द्या

सपाट शिवारात, लांबच्या अंतरावर, गेटवेच्या अँटेनाची उंची दुप्पट केली की हिशेबाने साधारण 6 डेसिबल (सिग्नलच्या ताकदीतल्या फरकाचं माप) मिळतात. एसएफची एक पायरी 2.5 डेसिबलची असते. म्हणजे 6 मीटरवरची अँटेना 12 मीटरवर नेली तर नोड दोन पायऱ्या खाली येऊ शकतो आणि बोलण्याचा खर्च एक चतुर्थांशावर येतो. अर्धा किलोमीटर जवळच्या बुटक्या जागेपेक्षा लांबची उंच टाकी अनेकदा सरस ठरते ती यामुळेच.

रेडिओला नुसती सरळ रेष मोकळी असून भागत नाही, रेषेभोवतीची जागाही मोकळी लागते. 866 मेगाहर्ट्झला 1 किलोमीटरच्या मधोमध सुमारे 5.6 मीटर आणि 2 किलोमीटरच्या मधोमध सुमारे 8 मीटर मोकळं हवं. गेटवे 15 मीटरवर आणि नोड दीड मीटरवर असेल तर मधोमध रेषेची उंची सव्वाआठ मीटर येते. मोकळ्या जमिनीवर जेमतेम जमतं. मध्ये ऊस आला की तीन मीटर गेले.

### यादीतून लगेच बाद करायच्या जागा

- मोबाइल टॉवरच्या शेजारच्या. आपला लोराचा पट्टा 865 ते 867 मेगाहर्ट्झ. मोबाइलच्या 850 पट्ट्यातली टॉवरकडून येणारी प्रक्षेपणं 869 पासून सुरू होतात, म्हणजे अगदी शेजारघर. टॉवरच्या सावलीत गेटवेचा कान बधिर होतो. उंची पाहून हा मोह फार होतो. तिथेच लावायचं असेल तर अँटेना आणि गेटवेच्या मध्ये शेजारच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा कॅव्हिटी फिल्टर लागेल.
- रोज वीज जाणाऱ्या आणि सौर पॅनेलला ऊन नसलेल्या. मोटरच्या खोलीतली शेतीची थ्री-फेज दिवसभर नसते, हे सांगायला नको. गेटवे बंद राहिला की काय होतं ते टप्पा 7 मध्ये आहे.
- चारही बाजूंनी पत्रा असलेल्या. पॅकहाऊसच्या छपरावर, पत्र्याच्या वर अँटेना काढता येत असेल तर चालेल. आत अजिबात नाही.
- सिमचा सिग्नल नसलेल्या. गेटवेला नोड ऐकू आले तरी पुढे सर्व्हरला सांगायला इंटरनेट लागतं. टाकीवर मोबाइलला दोन दांड्या दिसल्या म्हणजे झालं असं नाही, तिथे दहा मिनिटं फाइल उतरवून पाहा.

टाकीसाठी ग्रामपंचायतीची लेखी परवानगी आधी घ्या. तोंडी 'लावा की' वर लावलेला गेटवे सरपंच बदलले की उतरतो, आणि मग सगळं मोजमाप पुन्हा करावं लागतं.

## टप्पा 3: मोजणीची वेळ आणि तयारी

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की बाग ओकीबोकी होते, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतरही तेच. लोकांना मोकळा वेळ नेमका तेव्हाच मिळतो, मोजणी तेव्हाच होते आणि आकडे सुरेख येतात. जुलै-ऑगस्टमध्ये कॅनोपी भरलेली आणि पानं ओली असली की तेच नोड दोन-तीन पायऱ्या वर चढतात.

मोजणी भरल्या पानात आणि जमलं तर पाऊस पडून गेल्यावर सकाळी करा. छाटणीनंतरच करणं भाग असेल तर मी आकड्यांमधून सरळ 6 डेसिबल वजा करतो. हा माझा अंदाजाचा नियम आहे. तुमच्याकडे दोन्ही हंगामांतले आकडे असतील तर त्यातला फरक वापरा.

तयारीची यादी:

1. शेतात बसणार आहेत तेच नोड, त्याच डब्यात, त्याच अँटेनासह. वेगळ्या टेस्टरचे आकडे इथे चालत नाहीत.
2. नोड बसणार त्याच उंचीवर बांधायला बांबू. नोड हातात धरून मोजू नका. हात अँटेनाचं ट्यूनिंग बिघडवतो, अंग सिग्नल अडवतं आणि उभ्या माणसाच्या हातातली उंची ओलांड्याखालच्या (वेलीच्या आडव्या फांदीखालच्या) नोडची नसतेच.
3. आठ चॅनेलचा खरा गेटवे. स्वस्तातला एक-चॅनेलचा 'गेटवे' एका वेळी एकच फ्रिक्वेन्सी आणि एकच एसएफ ऐकतो. बाकीचे निरोप हवेत जातात आणि तुम्ही दोष जागेला देता.
4. गेटवे आणि नोड दोन्ही भारताच्या पट्ट्यातले, म्हणजे आयएन865 चे. परदेशी संकेतस्थळावरून युरोपचा 868 किंवा अमेरिकेचा 915 वाला माल मागवला जातो आणि आतल्या फिल्टरमुळे कान अर्धाच उघडतो. उपकरणाला ईटीए (रेडिओ उपकरणाची सरकारी) मंजुरी आहे का तेही विचारा.
5. गेटवेची अँटेना उचलायला जीआय पाइप किंवा लांब बांबू, आणि चालवायला बॅटरी.

नोडमध्ये एडीआर, म्हणजे एसएफ आपोआप बदलण्याची सोय, मोजणीपुरती बंद ठेवा. एसएफ 10 आणि 14 डीबीएम पक्कं करा, दर मिनिटाला एक निरोप. एडीआर चालू राहिलं तर मोजणीच्या मध्येच नोडची ताकद बदलते आणि दोन जागांची तुलना होत नाही.

## टप्पा 4: मोजणी

प्रत्येक नोडच्या जागेवरून प्रत्येक संभाव्य गेटवेकडे किमान 30 निरोप जाऊ द्या. दोन-तीन गेटवे उसने मिळाले तर ते वेगवेगळ्या जागी एकाच वेळी चालू करा. एकच निरोप सगळे ऐकतात, त्यामुळे तुलना न्याय्य होते आणि वेळ वाचतो.

लिहून ठेवायचे तीन आकडे: एसएनआर (सिग्नल गोंगाटाच्या तुलनेत किती), आरएसएसआय (नुसती ताकद), आणि 30 पैकी किती पोहोचले. निर्णयासाठी एसएनआर वापरा, कारण त्या जागेवरचा गोंगाटही त्यात धरलेला असतो. नुसता आरएसएसआय पाहिला तर टॉवरशेजारची जागा उगाचच चांगली दिसते.

सरासरी घेऊ नका. 30 आकडे चढत्या क्रमाने लावा आणि खालून चौथा घ्या. न पोहोचलेले निरोप सगळ्यात खालचे समजा. चार किंवा त्याहून जास्त निरोप हुकले तर त्या जोडीपुढे सरळ 'नापास' लिहा.

तपासा: एका जवळच्या, मोकळ्या जागेवरच्या नोडचा आकडाही खराब येतोय का? मग जागा बदलण्याआधी केबल आणि कनेक्टर पाहा. सैल एसएमए कनेक्टर आणि आत शिरलेलं पाणी ही नेहमीची कारणं. दुसरं म्हणजे एकमेकांसारखे दिसणारे एसएमए आणि रिव्हर्स एसएमए. दोन्ही एकमेकांवर फिरतात, पण मधली पिनच जुळत नाही.

## टप्पा 5: आकड्यांचं बॅटरीच्या वर्षांत रूपांतर

प्रत्येक एसएफला ऐकू येण्याची किमान एसएनआर ठरलेली आहे: एसएफ 7 ला उणे 7.5, पुढे दर पायरीला 2.5 ने खाली, एसएफ 12 ला उणे 20. त्यावर 10 डेसिबलची राखीव जागा ठेवा. मग खालून चौथ्या आकड्यावरून एसएफ असा ठरतो:

- 2.5 किंवा जास्त: एसएफ 7
- 0 किंवा जास्त: एसएफ 8
- उणे 2.5 पर्यंत: एसएफ 9
- उणे 5 पर्यंत: एसएफ 10
- उणे 7.5 पर्यंत: एसएफ 11
- उणे 10 पर्यंत: एसएफ 12
- त्याखाली: नापास

मोजणी 14 डीबीएमवर केली आणि शेतात नोड 20 डीबीएमवर चालणार असेल तर 6 डेसिबल मिळवा. पण मिळवाल तर खर्चही 120 मिलिअँपिअरनेच धरा. एका बाजूला जास्त ताकदीचा फायदा आणि दुसऱ्या बाजूला कमी ताकदीचा खर्च, असा सोयीचा हिशेब करून तयार झालेले तक्ते विक्रेत्यांच्या सादरीकरणांत नेहमी दिसतात.

आता एक्सेलमध्ये ओळी नोडच्या, रकाने जागांचे. प्रत्येक चौकटीत टप्पा 1 च्या पद्धतीने काढलेलं आयुष्य. प्रत्येक रकान्याखाली मिन, म्हणजे त्यातला सगळ्यात लहान आकडा. ज्या रकान्याची मिन सगळ्यात मोठी, ती जागा.

सरासरी कशी फसवते ते पाहा. समजा गच्चीवरून 22 नोड एसएफ 7 वर आणि दोन एसएफ 12 वर. टाकीवरून चोवीसही एसएफ 9 वर. रोजचा सरासरी खर्च गच्चीचा 1.35 आणि टाकीचा 1.43 येतो, म्हणजे सरासरी म्हणते गच्ची. पण गच्चीचे दोन नोड वर्षाच्या आत मरतात आणि टाकीचा सगळ्यात वाईट नोड साडेतीन वर्षं ओलांडतो. टाकी घ्या.

## टप्पा 6: एक-दोन नोड अडले तर

दुसरा गेटवे मागवण्याआधी नोडकडे जा. अँटेना ओलांड्याच्या तारेला चिकटली आहे का? लोखंडी अँगलला डबा बांधलाय का? या फ्रिक्वेन्सीची तरंगलांबी सुमारे 35 सेंटिमीटर आहे, निदान एवढं अंतर तार आणि अँगलपासून ठेवा. अँटेना उभी हवी, आडवी नको. कॅनोपीच्या वर काढता आली तर उत्तम, मात्र ट्रॅक्टरचा ब्लोअर ज्या ओळीतून जातो तिथे उंच काढलेली अँटेना पहिल्या फवारणीत मोडते. ओळीच्या शेवटच्या खांबाच्या आतल्या बाजूची जागा बरी पडते. प्लास्टिक आच्छादनाचा कागद रेडिओला फारसा अडवत नाही, त्याचा लोखंडी सांगाडा अडवतो.

एवढ्यावरही नोड एसएफ 11-12 वरच राहिला तर त्याच्यापुरतं माप तासावर आणा. मातीचा ओलावा पंधरा मिनिटांत काही पळून जात नाही. पानांवरच्या ओलाव्याच्या नोडला मात्र ही सवलत देऊ नका. भुरी-डाऊनीच्या अंदाजासाठी पान किती वेळ ओलं राहिलं हेच मोजायचं असतं.

### दुसरा गेटवे घ्यायचाच तर

सवय अशी की पहिला आहे तिथेच ठेवायचा आणि दुसरा उरलेल्यांसाठी कुठेतरी लावायचा. तसं करण्याआधी सगळ्या जोड्या तपासा. सहा जागांच्या फक्त पंधरा जोड्या होतात. प्रत्येक नोडसाठी जोडीतला चांगला आकडा घ्यायचा, म्हणजे मॅक्स, आणि मग खाली मिन. एकटी असताना पहिली आलेली जागा सर्वोत्तम जोडीत नसते, असं बऱ्याचदा निघतं. मधली टाकी एकटी चांगली, पण दोन टोकांचे दोन बांध मिळून तिला मागे टाकतात. लोरावॅनमध्ये नोड एका गेटवेला बांधलेला नसतो, दोघांनी ऐकलं तरी सर्व्हर एकच प्रत ठेवतो. त्यामुळे नोडमध्ये काहीही बदलावं लागत नाही.

### तुमचे नोड मेश पद्धतीचे असतील तर

झिगबीसारख्या मेशमध्ये नोड एकमेकांचे निरोप पुढे ढकलतात. तिथे लांबचा नोड शेवटी मरतो आणि बेस स्टेशनच्या शेजारचा आधी, कारण सगळ्यांची टपाल त्याच्याच हातून जाते. 40 नोडांच्या मेशमध्ये बेस स्टेशन कोपऱ्यात असून त्याला दोनच शेजारी असतील तर प्रत्येकावर साधारण वीस जणांचा भार पडतो. तेच स्टेशन दाट भागात नेऊन आठ शेजारी मिळाले की भार पाचावर येतो. म्हणून तिथे 'थेट ऐकू येणारे नोड किती' हे मोजा आणि तो आकडा मोठ्यात मोठा येईल अशी जागा घ्या. पहिल्या कड्यातल्या नोडना मोठी बॅटरी किंवा छोटं सौर पॅनेल द्या, आणि हंगामात एकदा स्टेशन हलवता आलं तर भार वाटला जातो. लोराच्या सवयीने उंच पण एकाकी जागा निवडली तर मेशचं नुकसान होतं.

## टप्पा 7: प्रत्यक्ष उभारणी

केबल. मोजणीत मिळवलेले डेसिबल इथे हातोहात जातात. या फ्रिक्वेन्सीला साधी आरजी58 केबल मीटरमागे सुमारे अर्धा डेसिबल खाते, म्हणजे दहा मीटरला पाच, म्हणजे एसएफच्या दोन पायऱ्या. एलएमआर400 दहा मीटरला साधारण 1.3 खाते. त्याहून चांगला उपाय म्हणजे गेटवेच वर अँटेनाजवळ डब्यात लावा आणि खाली पीओईची, म्हणजे वीजही वाहून नेणारी, नेटवर्क केबल आणा.

टाकीवरची जागा. अँटेना टाकीच्या बाजूला कठड्यावर बांधली तर काँक्रीटच्या पलीकडचं निम्मं शिवार सावलीत जातं. ती टाकीच्या माथ्याच्या वर निघाली पाहिजे. अँटेना 8 डीबीआयची (सिग्नल जास्त एकवटणारी) घेतली म्हणजे जास्त चांगली असंही नाही. तिचा पसारा आडवा लांब आणि उभा चपटा असतो, उंच टाकीवरून खालच्या जवळच्या प्लॉटवरून तो निघून जातो. दोन-अडीच किलोमीटरला 3 ते 5 डीबीआय पुरे.

सावधान: वीज पडण्याचा धोका मॉन्सूनपूर्व पावसात आणि परतीच्या पावसात जास्त. अँटेना टाकीवरच्या वीजरोधकाच्या टोकापेक्षा खाली ठेवा, केबलला सर्ज अरेस्टर लावा आणि त्याचं अर्थिंग खरंच जमिनीत गेलंय ना ते पाहा. ढग असताना टाकीवर कोणालाही चढवू नका. केबल डब्यात शिरण्याआधी तिला खाली एक झोका द्या, पाणी तिथून ठिबकून जातं.

वीज. गेटवे 5 वॉट घेत असेल तर दिवसाला 120 वॉट-तास. तीन ढगाळ दिवस काढायचे तर लिथियम फॉस्फेटची 12 व्होल्ट, 40 अँपिअर-तासाची बॅटरी धरा. पॅनेल पावसाळ्याच्या उन्हावर ठरवा, मे महिन्याच्या नाही. 100 वॉटच्या खाली जाऊ नका.

गेटवे बंद राहण्याचा भुर्दंड नोडच्या बॅटरीवर पडतो. एडीआर चालू असलेला नोड सर्व्हरकडून काही ऐकू आलं नाही तर 64 निरोपांनंतर उत्तर मागतो आणि आणखी 32 निरोप वाट पाहून स्वतःची ताकद वाढवतो. मग दर 32 निरोपांना एसएफची एक पायरी चढतो. 64 आणि 32 मिळून 96, म्हणजे पंधरा मिनिटांच्या मापाला बरोबर एक दिवस. त्यानंतर दर आठ तासांनी एक पायरी. गेटवे तीन दिवस बंद राहिला की एसएफ 7 वरचे नोडही एसएफ 12 ला पोहोचलेले असतात. सिमचा रिचार्ज संपला तरी हेच होतं, कारण उत्तर सर्व्हरकडून यायचं असतं.

## टप्पा 8: सेटिंग, आणि मग पहारा

उभारणी झाली की नोडचं एडीआर पुन्हा चालू करा. हे विसरलं की सगळे नोड मोजणीच्या एसएफ 10 वरच राहतात आणि एवढी मेहनत करून निवडलेल्या जागेचा काही फायदा मिळत नाही. सर्व्हरवरची राखीव जागा 10 डेसिबल आहे का ते पाहा, कारण काही सर्व्हर मुळात 15 धरतात. त्यात दोन पायऱ्या विनाकारण जातात.

प्रत्येक निरोपाची पोच मागणारी 'कन्फर्म्ड' सेटिंग बंद ठेवा. पोच हुकली की नोड तोच निरोप पुन्हापुन्हा पाठवतो. शिवाय पोच पाठवत असताना गेटवेला दुसरं काही ऐकू येत नाही. ओलाव्याचं एखादं माप हुकलं तर काही बिघडत नाही. व्हॉल्व्ह उघड-बंद करणाऱ्या नोडपुरतीच ती ठेवा.

पहिल्या आठवड्यानंतर सर्व्हरमधून प्रत्येक नोडचा चालू एसएफ काढा आणि टप्पा 5 च्या तक्त्याशी ताडून पाहा. एका पायरीचा फरक चालतो. दोन किंवा जास्त असेल तर त्या नोडची अँटेना, डब्याची जागा आणि उंची तपासा. सगळेच नोड दोन पायऱ्या वर असतील तर चूक गेटवेकडची आहे: केबल, कनेक्टर किंवा शेजारचा गोंगाट.

पुढे ही तुलना वर्षातून दोनदा करा, जुलैअखेरीस एकदा आणि गोडी छाटणीनंतर पानं भरण्याआधी एकदा. बॅटरीचं व्होल्टेज बघत बसू नका. थायोनिल सेलचं व्होल्टेज शेवटपर्यंत 3.6 च्या आसपास राहतं आणि मग एकदम कोसळतं, त्यावरून आगाऊ काही कळत नाही. एसएफची नोंद मात्र महिनोन्महिने आधी सांगते. एखादा नोड जुलैत चढला आणि छाटणीनंतर खाली आला तर ती पानांची करामत, त्याची अँटेना थोडी वर घ्या. एका दिशेचे तीन-चार नोड एकत्र चढले आणि छाटणीनंतरही उतरले नाहीत तर त्या बाजूला जाऊन बघा. नवं शेडनेट, वाढलेला ऊस किंवा नवा टॉवर, यातलं काहीतरी उभं राहिलेलं असतं. तेव्हा त्या नोडांपुरती मोजणी पुन्हा करून जुन्या तक्त्यातले तेवढेच आकडे बदला आणि मिन पुन्हा काढा.